ज्याची त्याची बाजू

डबा रिकामा होता. रिकामा डबा काही नवलाचा नाही, पण हा व्यवस्थित बांधलेला होता. फडक्यात गुंडाळलेला, फडक्याची टोकं वर घेऊन गाठ मारलेली, आणि गाठ अशी करकचून की सोडताना माझं नख दुमडलं. आत दोन्ही पुडांची झाकणं दाबून बसवलेली, बाजूचे खटके लावलेले. वरचा पूड उघडला तर लख्ख. खालचा उघडला तर तोही लख्ख. चमचा मात्र होता, कागदात गुंडाळून. शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली वाकून बघत म्हणाली, "ताई, आज हवा खायची का?" मी हसले. म्हटलं, "माझं वजन वाढलंय असं नवऱ्याचं म्हणणं दिसतंय." तीही हसली आणि तिच्या डब्यातलं अर्धं तिनं माझ्यापुढे सरकवलं. मी ते खाल्लं, चव कळली नाही. समोर कुणाच्या तरी वरच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा होता आणि मेणात बसवायचे दात ओळीनं मांडलेले होते. मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे कवळ्या करते. आयुष्यभर परक्या माणसांचे दात जुळवत आले, आणि त्यात केसाएवढी चूक झाली तरी माणसाचा घास अडतो. त्या दुपारी मी एक दात चिमटीत धरून बसले आणि तो डाव्या बाजूचा की उजव्या, हे मला पटकन ठरवता येईना. म्हटलं, भूक आहे पोटात, दुसरं काय.

हे निवृत्त झाले तेव्हापासून माझा डबा हेच भरतात. हे म्हणजे माझा नवरा. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता घर दुरुस्त करतात, घर दुरुस्त असलं तरी करतात. मला डब्याचा राग आला नव्हता. विसरतो माणूस. पण विसरलेला माणूस डबाच विसरतो, ओट्यावर ठेवून देतो, किंवा झाकण लावायचं राहतं, भाजी फडक्याला लागते. इथं सगळं साग्रसंगीत झालं होतं आणि आतलंच तेवढं राहिलं होतं. ह्याची मला भीती वाटली. साधी भीती, जिन्यात पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी तशी. कारण गेले कित्येक महिने मी हेच मोजत होते. मोजत होते म्हणजे मनातल्या मनात, बोटांवर. गॅस चालू राहिला आणि पातेलं जळून काळं झालं, हे म्हणाले, "माझ्याच हातून राहिलं." किल्ली दाराला बाहेरून लटकत राहिली, शेजारीण आणून देऊन गेली, हे म्हणाले, "माझ्याच हातून राहिलं." लेकीच्या वाढदिवसाचा फोन राहिला, ती फणकारली, तर हे तिला म्हणाले, "अगं, आई मला सांगून गेली होती, माझ्याच डोक्यातून गेलं." मी सांगितल्याचं मला आठवत नव्हतं, पण ते म्हणतात म्हणजे सांगितलं असेल. आणि परवा तर हात कापून घेतला. पत्र्याचा डबा उघडताना म्हणे. उजव्या तळहाताला ही एवढी पट्टी, अंगठ्यापासून मनगटापर्यंत, लहान मुलासारखा हात उंच धरून हिंडतात घरभर. मी म्हटलं, "आता डबे उघडायचंही मीच करायचं का?" हसले नुसते. शेवटी मी लेकीला फोन करून सांगितलं की बाबांचं काही खरं नाही, डोक्याच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. ती रडली. मग तिनं सोमवारची वेळ घेतली. हे कळल्यावर आकांडतांडव करतील असं मला वाटलं होतं, पण हे "बरं" म्हणाले. आयुष्यात चहाच्या कपावरून वाद घालणारा माणूस, आणि डोक्याच्या डॉक्टराला "बरं" म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की काहीतरी चुकतंय, पण मला वाटलं, हेही त्या दुखण्यातच आलं असेल.

सोमवारच्या आधी रविवार होता, आणि रविवारी नातीला बोटीवर न्यायचं ठरलं होतं. भिंगरी म्हणतो आम्ही तिला, एका जागी ठरत नाही. वर्षभर तिनं डोकं खाल्लं होतं, आणि लेकीनं शेवटी हो म्हटलं होतं, एका अटीवर, की आई, म्हणजे मी, बोटीवर असेन. बोट आमची दोघांची. कॅटमरान म्हणतात तिला. खरं तर दोन निमुळती होडकी शेजारी शेजारी, मध्ये दोन आडव्या दांड्या, दांड्यांत ताणून बांधलेली जाळी आणि त्या जाळीवर आपण बसायचं. बूड उघडं, पाठ उघडी, खालून पाणी उडतंय. ऐन तारुण्यात आम्ही ती मोडक्या अवस्थेत घेतली. डावं होडकं फुटलेलं होतं, उजव्याच्या पोटात पाणी मुरलं होतं. फायबरचं कापड, रेझिनचा वास, पॉलिश पेपरनं घासून घासून बोटांचे ठसे गेलेले. लोक त्या वयात सिनेमाला जातात, आम्ही मास्क लावून एकेक होडक्याशेजारी बसायचो. आणि भांडायचो. हे स्वभावानं तपासणारे. लिफ्टवाल्या माणसाला तपासणं म्हणजे श्वास घेणं. मी एक बोल्ट आवळला की हे मागून येऊन तोच बोल्ट आवळून बघणार. मी एक गाठ मारली की सोडून पुन्हा मारणार. ह्यांची गाठ एका ओढीत सुटते, माझी दातांनी सोडावी लागते, म्हणून माझी वाईट. एकदा असंच चाललं असताना मी हातातली पक्कड उचलली आणि पाण्यात फेकली. म्हटलं, "डावी बाजू तुमची, उजवी माझी. माझ्या बाजूला हात लावायचा नाही. लावायचा असेल तर एकटे जा पाण्यात."  मग ह्यांनी जाऊन नवी पक्कड आणली, आणि माझ्यासाठी वेगळी आणली. तेव्हापासून ज्याची बाजू त्याची. कुणी कुणाचं बघत नाही. बंदरावर बोटी ठेवतात त्या यार्डात लोक एकमेकांच्या बोटी तपासतात, आम्ही नवरा-बायको डोलकाठीला धरणाऱ्या एकमेकांच्या तारा तपासत नाही, ह्याची लोकांना मौज वाटते. मला त्याचा अभिमान होता. एवढी वर्षं माझ्या तारेच्या भरवशावर तो माणूस जाळीवर पाय सोडून बसत आला होता.

मोसम सुरू होताना काय करायचं ते हातांना पाठ आहे. डोलकाठी आडवी टाकून तिच्या डोक्यावरच्या तारा बघायच्या. हातात कापसाचा बोळा घ्यायचा आणि तो तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचा. डोळ्याला दिसत नाही ते कापसाला कळतं; कुठं एक तंतू जरी तुटून वर आलेला असला तर कापूस तिथं अडकतो आणि ती तार बाद. मग काठी उभी करायची, आणि दोन्ही बाजूंच्या तारा खाली आपापल्या होडक्याला पिनेनं जोडायच्या. त्या पिनेच्या शेवटाला एक भोक असतं, त्यात बारीकशी कडी घालायची, किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी, म्हणजे पिन घसरत नाही. आणि त्या कडीत दोरी अडकून ती निघून येऊ नये म्हणून वरून टेप गुंडाळायचा. झालं. सगळी काठी, सगळं शीड, वरची माणसं, त्या कडीवर. टेप गुंडाळला की आत कडी आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही. त्या दुपारी साचा पुढ्यात घेऊन मी बसले होते आणि हे वाक्य माझ्या डोक्यात आपोआप आलं. बाहेरून दिसत नाही. झाकण लावलेलं, खटके लावलेले, गाठ मारलेली. आणि ह्यांच्याबाबतीत हे एकदा झालंच होतं. मागच्या मोसमात एकदा आम्ही बोट वाळूवर ओढत होतो आणि काठी धाडकन खाली आली, डावीकडे, ह्यांच्या अंगावर. खांदा निखळता निखळता वाचला. वाळूवर पडल्या पडल्या म्हणाले, "माझ्या बाजूची कडी राहिली. माझ्याच हातून राहिलं." मी चार लोकांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलले. म्हातारे झालात, म्हटलं. पाण्यात असतो तर दोघंही गेलो असतो. हे खांदा धरून ऐकत राहिले.

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की बरं वाटत नाही, आणि निघाले. साच्यावर ओलं फडकं टाकलं की नाही ते बसमध्ये बसल्यावर आठवेना. बस निघाली ती निघालीच, आणि त्या मेल्या ड्रायव्हरनं यार्डाचा स्टॉप न घेता गाडी पुढं नेली. मी ओरडले तर म्हणतो, "बाई, थांबवली होती की. तुम्हीच बसून होतात." हल्ली कुणाला कामाची लाज म्हणून राहिली नाही. एक स्टॉप मागं चालत आले, ऊन डोळ्यांवर, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात तो रिकामा डबा, आत चमचा खुळखुळतोय. चालताना मी ठरवत होते. ह्यांच्या बाजूचा टेप सोडायचा. आत कडी नसली तर घालायची, वरून तसाच टेप लावायचा, आणि तोंड बंद ठेवायचं. कळलं तर मोडतील. माझ्या बाजूला हात लावायचा नाही असं मीच म्हटलं होतं, आणि मीच आता चोरासारखी त्यांच्या बाजूला चालले होते. पण भिंगरी त्या जाळीवर बसणार होती. दुसरा विचार करायला जागा नव्हती. आणि जर कडी खरंच नसली, तर रविवारी जायचं नाही, आणि पुढच्याही नाही, आणि बोट विकून टाकायची, आणि मग हे दिवसभर काय करतील? खिडकीत बसतील. मी त्यांना भरवीन. मला ते सगळं दिसायला लागलं, त्यांची हनुवटी पुसणारा माझा हात दिसायला लागला. मला त्यांची दया आली आणि दयेच्या मागं मला थोडं थोर वाटलं, खोटं कशाला बोलू.

यार्डात दुपारी चिटपाखरू नसतं. रखवालदार तेवढा पत्र्याच्या सावलीत खुर्चीवर. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो कुजबुजला तरी बंदराच्या पलीकडे ऐकू जातं. "ताई, आज तुमचा वार नाही," तो बसल्या जागेवरून म्हणाला. मी म्हटलं, "सहज आले." आमची बोट भिंतीशेजारी हातगाडीवर, गेल्या रविवारी उभी केलेली काठी वाऱ्यात बारीक किणकिण करत होती. ती किणकिण मला नेहमी आवडते. मी डबा जाळीवर ठेवला आणि डाव्या होडक्याशी गेले. ह्यांचा टेप. ह्यांची एक खोड आहे, टेपचं शेवटचं टोक आत दुमडून त्याचा छोटा कान ठेवतात, म्हणजे पुढच्या खेपेला नखानं उकरत बसावं लागत नाही, कान धरला की सुटतो. मी तसलं काही करत नाही. मला घाई असते. मी तो कान धरला आणि ओढला. टेप वेटोळं वेटोळं सुटत आला, हाताला चिकटला, आणि आत कडी होती. जशी असावी तशी, पिनेच्या भोकात, दोन्ही वेढे पूर्ण फिरवून. मी ती बोटानं फिरवून बघितली. तार ओढून बघितली. मग काठीला पुढून धरणाऱ्या तारेचाही टेप सोडला, तीही त्यांचीच. तिथंही कडी होती. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं.  मी होडक्यावर टेकले आणि मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मी पदरानं तोंड पुसून म्हटलं, देवा, नुसता डबाच विसरला रे बाबा माझा नवरा, फक्त डबा.

टेप परत लावायचा तर रीळ हवं होतं. माझी पेटी उजव्या होडक्याच्या पोटात असते, म्हणून मी उजवीकडे वळले, आणि तिथं, माझ्या बाजूच्या टेपला कान होता. आधी मला वाटलं, मीच कधी नव्हे ती दुमड केली असेल. मी तो कान चिमटीत धरून उभी राहिले. माणूस स्वतःची सही ओळखतो, तसा माणूस आपला टेप ओळखतो. हा माझा नव्हता. खालून वर गुंडाळलेला, एकावर एक अर्धा वेढा बसवून, लिफ्टवाल्याचा. ओढला. आत कडी होती, पण जाड. माझ्या पेटीत बारीक असतात. आणि पिनेतून वर गेलेली तार माझी नव्हतीच. नवी कोरी होती. उन्हात डाव्या तारेवर वर्षांचा मळकट पिवळेपणा दिसत होता आणि ही चकाकत होती. मी गेल्या रविवारी ही जोडली नव्हती. मी तारेवरून कापूस फिरवला होता, मला तो बोळा हातात असलेला आठवतो, त्याला ग्रीस लागलेलं आठवतं, पण ऊन आठवत होतं की ढग, आणि ह्या वर्षीचं आठवत होतं की मागच्या, ते मला सांगता येईना. बोळा होता एवढंच.

"साहेबांनी बदलली परवा," भोंगा मागून म्हणाला. तो केव्हा येऊन उभा राहिला मला कळलं नव्हतं. "काठी उतरवली, चढवली. मीच धरली की. जुनीचे तंतू सुटले होते बघा, ताई, ब्रशसारखे. त्यांच्या हातात शिरले. रक्त थांबेना. मी म्हटलं, साहेब, दवाखान्यात जा, तर म्हणतात, आधी टेप लावून घेतो."

"कुठल्या बाजूची तार?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"ही काय, ह्याच बाजूची. आणि कडी तर नव्हतीच आत. येतात ना ते नेहमी. तुम्ही दोघं मिळून बोट लावता, घरी जाता, मग एक-दोन दिवसांनी हे एकटे येतात. मागच्या मोसमात काठी पडली ना, तेव्हापासून. मला म्हणाले, ताईंना बोलू नकोस—" आणि त्यानं जीभ चावली. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे ह्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

मी जाळीवर चढले आणि काठीला पाठ लावून बसले. डाव्या हातात डावी तार धरली, उजव्या हातात उजवी. दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढून धरलेली काठी असते ती. डावीकडच्यानं हात सोडला तर ती उजवीकडे जाते. उजवीकडच्यानं सोडला तर डावीकडे. हे आम्ही यार्डात आलेल्या नवशिक्यांना पहिल्या दिवशी सांगतो, मीच सांगते, तोंडानं नाही तर त्यांना दोरी धरायला लावून. आणि मागच्या मोसमात काठी डावीकडे पडली होती. ह्यांच्या अंगावर पडली म्हणून ह्यांची चूक, असं मी धरून चालले होते. माझी उजवी तार सुटली होती. ते मला त्या क्षणी दिसायला हवं होतं, वाळूवर उभ्या असलेल्या कुणालाही दिसलं असेल, आणि मी ओरडत होते, म्हातारे झालात म्हणून. ते खांदा धरून ऐकत होते. किल्ली. फोन. पातेलं. मी एकेक उचलून बघायला लागले, आणि एकेकाखाली ते "माझ्याच हातून राहिलं" होतं, आणि ते काढलं की खाली माझा हात होता. पातेलं तर मीच ठेवलं होतं, ते अंघोळीला गेले होते. आता आठवलं. किंवा आता ठरवलं, मला फरक कळेना. मग डबा. डबा माझ्यासमोर जाळीवर होता, बाजूला ते फडकं. माझं नख अजून दुखत होतं. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी असलेला माणूस ती गाठ मारू शकत नाही. आणि हात धड असता तरी त्यांनी तशी मारली नसती, त्यांची एका ओढीत सुटते. ती गाठ माझी होती. हात कापल्यापासून डबा मी भरत होते.

मी टेप लावले. सगळे. डाव्या बाजूचे ह्यांच्यासारखे लावले, कान ठेवून. उजव्या बाजूला लावताना कडी डोळ्यांनी बघितली, बोटानं बघितली, टेप गुंडाळला, आणि चार पावलं गेल्यावर बघितली की नाही अशी शंका आली म्हणून परत येऊन सोडला. कडी होती. पुन्हा गुंडाळला. पुन्हा सोडला. भोंगा लांबून बघत होता आणि काही बोलत नव्हता, म्हणजे मी किती वेळ ते करत असेन. शेवटी तोच म्हणाला, "ताई, आहे कडी. मी बघितली," आणि मी निघाले.

घरी आले तेव्हा हे गॅलरीत बसले होते, मांडीवर शीड, डाव्या हातानं फाटलेल्या शिवणीवर खडूनं खुणा करत. उजवा हात उशीवर ठेवलेला. मला बघून म्हणाले, "अगं, डबा रिकामाच गेला ना? मी दुपारी बघितलं तर सगळं ओट्यावरच. माझ्याच हातून—"

"हात दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी दाखवला. पट्टीवर तळहाताच्या मधोमध तपकिरी डाग होता. "ह्या हातानं गाठ मारलीत?" त्यांनी हात परत उशीवर ठेवला. "मागच्या मोसमात काठी पडली ती कुठल्या बाजूची तार सुटून पडली?"

"झालं ते झालं. आता ते कशाला?"

"कुठल्या बाजूची?"

त्यांनी खडू खाली ठेवला. "उजवी."

मला इतका संताप आला की कानशिलं तापली. मी बोलले, पुष्कळ बोलले. मी लेकीला तुमच्याबद्दल काय काय सांगितलं, ती रडली, तुम्ही ऐकून घेतलंत, जावयासमोर ऐकून घेतलंत, माझ्या तोंडून स्वतःला म्हातारा म्हणवून घेतलंत, मला सांगितलं का नाही एका शब्दानं. ते शिडावरच्या खुणा अंगठ्यानं पुसत राहिले, मग म्हणाले, "तूच म्हणाली होतीस. माझ्या बाजूला हात लावायचा नाही."

ते गंमत म्हणून बोलले असावेत, निदान तसं बोलायला गेले असावेत. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. शीड आमच्या दोघांच्या मांडीवर आलं. त्याला खारट, बंद खोलीचा वास येत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

"सोमवारी काय करणार होतात?"

"दोघं आत गेलो असतो," ते म्हणाले. "दार लावल्यावर सांगणार होतो, की मला नाही, हिला तपासा. बाहेर लेकीसमोर नको म्हटलं. आत बघू म्हटलं."

म्हणून ते "बरं" म्हणाले होते. मला ते दार दिसलं, आणि दाराच्या आत ह्यांनी माझ्याकडे न बघता डॉक्टरांना सांगितलेलं दिसलं. आणि मला दिसलं की ते खिडकीतलं माणूस, ज्याची हनुवटी पुसायची, ते मी आहे. यार्डाकडे जातानाचा बसमधला तो ड्रायव्हरही आठवला. गाडी थांबवली असेल त्यानं. बिचाऱ्याला काय काय बोलले मी.

"रविवारी भिंगरीला न्यायचं?" मी विचारलं. 

"न्यायचं. सुकाणूवर तूच बस. ते तुला येतं. वारा फिरला की तुझ्या मानेला आधी कळतं, माझ्या नाही."

"आणि माझी बाजू?"

"तूच बांध," ते म्हणाले. "मी बघतो."

सगळं आयुष्य मी ह्या दोन शब्दांवर भांडले होते. पक्कड फेकली होती. मी म्हटलं, "बघा." त्यांनी मान हलवली आणि डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, जरा जड, लिफ्टच्या दाराला टेकवावा तसा.  स्कूटर एकदाची सुरू झाली आणि गेली.

मग मी उठले, डबा मोरीत नेला आणि घासला. तो स्वच्छच होता. दोन्ही पूड घासले, चमचा घासला, पालथे घातले. ओटा पुसलेला होता, भांडी जागेवर होती. "सकाळचं होतं ते मी खाल्लं," हे गॅलरीतून म्हणाले. "छान झालं होतं." मी नळाखाली हात धरून उभी राहिले आणि सकाळी काय केलं होतं ते आठवायला लागले. ओटा आठवला. फडक्याची चारही टोकं आठवली, गाठ मारताना दाताखाली धरलेलं एक टोक आठवलं. कढईत काय होतं ते आठवेना. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही.